आमच्या घरातला काटा

सायाळीचा एक काटा जरी घरात आला तरी भांडणं लागतात, असं आमच्याकडे मानतात. वावरात सापडला तर बाया तो चपलेनं बाजूला सारतात, हातात घेत नाहीत. कोणाच्या घरी फार कटकट चालली की शेजारीण हळूच विचारते, कोणी उंबऱ्याखाली काटा तर पुरला नाही ना? अशा गावात, देऊळगाव राजाला, मी अंगभर काटे असलेलं एक जनावर घरात आणून ठेवलं आणि वर्षभर सांभाळलं. मला त्याचं एकदाही वाईट वाटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

ते सायाळ नव्हतंच. हेजहॉग होतं. त्याला आपल्याकडे तोंडात बसेल असा शब्द मला काही सापडला नाही. मुठीएवढा गोळा, पुढे लांबट नाक, त्यावर दोन काळे मणी बसवावेत तसे डोळे. माझ्या मुलीनं पुण्यात रीतसर विकत घेतलेलं, परदेशी जातीचं. तिला कंपनीनं वर्षभरासाठी बाहेर पाठवलं, मैत्रिणींनी हात वर केले, म्हणून ती ते माझ्याकडे घेऊन आली. निघताना चार गोष्टी बजावून गेली. दूध द्यायचं नाही, पचत नाही. मांजरीचं कोरडं खाणं आणि उकडलेलं अंडं द्यायचं. वावरातल्या अळ्या नाहीत, फवारणी केलेली असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थंडी लागू द्यायची नाही. अंग गार पडलं की ते झोपी जातं आणि त्या झोपेतून उठेलच असं नाही.

आमचं घर एकत्र. थोरले दीर, जाऊबाई, माझे यजमान आणि मी. पुतण्या बाहेरगावी नोकरीला. जाऊबाईंच्या गळ्यात माळ, त्यामुळे अंडं चुलीपाशी चालणार नव्हतं. मी मागच्या खोलीत विजेची किटली मांडली आणि तिच्यात अंडं उकडायला लागले. एका मोठ्या टबात जुन्या लुगड्याचे तुकडे अंथरले, वर बल्ब टांगला. शेजारणी बघायला आल्या. एकीनं नागोबाला ठेवतात तशी दुधाची वाटी आणली, दुसरीनं लांबूनच हळदकुंकू उधळलं. दूध मी दारच्या मांजरीला पाजलं आणि कुंकू ओल्या फडक्यानं पुसून काढलं.

सुरुवातीला ते मला ओळखेना. हात नेला की फुसफुस करून गोळा व्हायचं. मुलगी फोनवर म्हणाली, तुझा वास लागू दे. मग माझा अंगातला, न धुतलेला ब्लाउज मी टबात टाकला. काही दिवसांनी ते माझ्या पदरात येऊन पोट उघडं टाकून झोपायला लागलं. पोटाला काटे नसतात, मऊ लव असते. मला ते फार आवडायचं. या वयात काय हे थेर, असं लोक म्हणाले. म्हणोत.

ते जागं व्हायचं दिवेलागणीला, म्हणजे नेमकं जेवणाच्या वेळी. आमच्याकडे आधी पुरुष जेवतात, मग आम्ही दोघी जावा, उरलंसुरलं पुढे ओढून. लग्न झाल्यापासून मी तशीच जेवत आले. पण आता मागच्या खोलीत माझी वाट बघणारं कोणीतरी होतं. एके दिवशी मी माझं ताट वाढून घेतलं आणि यजमानांच्या शेजारी बसले. दिरांचा घास हातातच राहिला. जाऊबाई म्हणाल्या, असं कसं? मी म्हटलं, मला भूक लागली. त्यावरून जे वाजलं ते सगळ्या आळीनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी गावात निष्कर्ष निघालेला होता. काटा लागला.

त्यानंतर मी तोंड उघडलं की तेच. जालन्याजवळच्या माझ्या माहेरी जायचं तर मी दिरांना विचारायची. त्या वर्षी मी नुसतं सांगितलं आणि एसटीत बसले. काटा. यजमानांनी मला न विचारता कोणाला तरी माझ्या हातच्या पापडांचा शब्द दिला, मी नाही म्हटलं. काटा. इतक्या वर्षांनी मी बोलायला लागले होते आणि श्रेय मात्र त्या बिचाऱ्याला, जे दिवसभर लुगड्यात घोरत पडायचं! मला याचा भयंकर राग यायचा. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, निदान त्या माझ्या नावानं तरी असत्या.

दीर म्हणायला लागले, वावराच्या धुऱ्यावर, बांधाला सोडून द्या. यजमान स्वभावानं गरीब, तेही एकदा म्हणाले, "सोडून दे बापा त्याले. घरातली शांती गेली."

"शांती व्हती कोनाची?" मी विचारलं. "मी गप बसत व्हते, तिलेच तुमी शांती म्हनत व्हते."

धुऱ्यावर सोडलं असतं तर ते दोन दिवस जगलं नसतं, हे त्यांना मी सांगितलेलं होतं.

मार्गशीर्षातली गोष्ट. पुतण्याच्या सोयरिकीसाठी रोहिणखेडकडचे पाहुणे यायचे होते. मी सकाळी माहेरी जाऊन संध्याकाळी परत आले तर मागच्या खोलीत टब नव्हता. बल्ब विझवलेला. समोरच्या बैठकीत पाहुणे येऊन बसलेले. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी परसाकडे खुणावलं. परसात, न्हाणीच्या भिंतीशी, गार फरशीवर टब. हात घातला तर ते गोळाही झालं नाही. फुसफुसलं नाही. पोट बर्फागत गार, पाय लटकलेले.

मी ते ब्लाउजच्या आत पोटाशी धरलं, वरून शाल लपेटली आणि सरळ बैठकीत येऊन बसले, कारण चुलीपाशी जाऊबाईंनी ते येऊ दिलं नसतं आणि पाहुण्यांसाठी शेगडी तिथंच पेटवलेली होती. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, काय झालं बाई, अंगात ताप आहे का? मी शाल बाजूला करून दाखवलं. ती मागे सरकली.

दिरांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते पाहुण्यांना सांगायला लागले की हे उद्याच घराबाहेर जाणार, त्यानंच घर नासवलं, त्याच्याआधी या घरात वर तोंड करून कोणी बोललं नव्हतं.

"भाऊजी," मी म्हणाले, "भांडन म्या केलं. त्याच्या माथी काऊन मारता? ते तं मरून राह्यलं."

चहा तसाच निवत राहिला. बराच वेळ मी पोटावर हात दाबून बसले. मग आत थरथर जाणवली. एक पाय हलला. आणि एकदम सगळे काटे उभे राहून माझ्या पोटात रुतले. मी ओय म्हणाले आणि सगळ्यांसमोर रडले. रक्ताचे ठिपके आले होते ब्लाउजवर. इतका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता.

ती सोयरीक जमली नाही. तिकडून पत्रिकेचं कारण आलं, आमच्याकडे काट्याचं धरलं गेलं. पुतण्याचं वाईट वाटलं, पण त्याचं पुढे दुसरीकडे जमलं, आणि नसतं जमलं तरी मी तो टब गार फरशीवर राहू दिला नसता. त्या दिवसापासून मागच्या खोलीला मी कुलूप लावलं. किल्ली कमरेला.

उन्हाळ्याच्या तोंडाला मुलगी परत आली आणि त्याला घेऊन पुण्याला गेली. गाडी वळली तशी मला फार पोकळ वाटलं. जाऊबाईंनी मागची खोली झाडली, गोमूत्र शिंपडलं, गळून पडलेले काटे कागदावर गोळा करून दूर नाल्यात टाकून आल्या. घरात सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला.

रात्री जाऊबाईंनी दोनच ताटं मांडली. पूर्वीसारखी. मी आत गेले, माझं ताट वाढून आणलं आणि यजमानांच्या शेजारी बसले. दिरांनी एकदा मागच्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आता तं काटा गेला ना घरातून," ते म्हणाले.

"गेला," मी म्हणाले. "मी हाये."

आणि भाकरी मोडली.