कनवटीचा फोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. सांगायला बसले की विषय बदलायचा, नाहीतर चहा टाकायला उठायचं. आज तुम्हाला सांगते — मध्येच अडखळेन, पण उठणार नाही.

चाकणच्या कंपन्यांच्या मागे आमचं गाव. बँकेचं हातात मावणारं मशीन घेऊन मी घरोघर बायकांची खाती उघडते. 'बँकवाली सून' म्हणतात मला. मान मिळतो, आणि तो मला आवडतो — नाही कशाला म्हणू? सर्वांत जास्त खाती उघडली म्हणून साडी-नारळ देऊन सत्कारही झाला होता. ती साडी मी एकदाही नेसलेली नाही.

मंदाकाकी आमच्या भावकीतली, माझ्या सासूच्या वयाची. कंपनीच्या कँटीनमध्ये कांदे चिरते. ठेकेदारानं पगार खात्यावर द्यायचं ठरवलं, तेव्हा तिनं मला गिरणीत गाठलं. बटणांचा साधा फोन घेतला होता तिनं, कनवटीला खोचलेला. "ह्योच नंबर टाक. ह्यांना कळू दिऊ नगस," म्हणाली. तिला घरघंटी घ्यायची होती. दिवसभर उभं राहून गुडघे गेले होते, घरबसल्या लोकांची दळणं दळायची होती. मी म्हटलं, काकी, काळजीच करू नका.

खातं उघडायला गेले तर तिचे यजमान, तात्या, ओट्यावर बसलेले. मी पदर सावरला. भावकीतल्या थोरल्यांसमोर सुनेनं मान वर करायची नाही, ही आमच्याकडची रीत. मशीननं मोबाइल नंबर मागितला आणि तात्यांनी, कुणी न विचारता, स्वतःचा सांगायला सुरुवात केली. काकी दारात उभी होती, हात कमरेवर — फोन कधी थरथरतोय याची वाट बघत. तो हात मला दिसत होता. तरी मी तात्यांचा नंबर दाबला. ओटीपी त्यांच्या फोनवर आला, त्यांनी तो मोठ्यानं वाचला.

एवढंच, असं वाटलं तुम्हाला? एवढंच असतं तर भित्रेपणा म्हणून मी स्वतःला सोडूनही दिलं असतं. पण काकी माझ्यामागे कोपऱ्यापर्यंत आली. "आगं, माझा का न्हाई घेतला?" आणि मी म्हणाले — आधारला तात्यांचा नंबर आहे ना, मशीन आपोआप तोच उचलतं, आता बदलता येत नाही. खोटं. धडधडीत खोटं! तिचा अंगठा लावून नंबर कुठल्याही दिवशी बदलता आला असता. पण मग तात्यांना कळलं असतं, भावकीत बोभाटा झाला असता, आणि मला माझा मान प्यारा होता.

पुढे तात्यांच्या फोनवर पुतण्यानं बँकेचं ॲप घालून दिलं. पगाराचा मेसेज त्यांना, पैसेही त्यांनाच. घरघंटी राहिली ती राहिलीच. कँटीनमधल्या बाया मला नावं ठेवायला लागल्या, तेव्हा काकीच माझी बाजू घेऊन भांडली — "पोरीचा दोष न्हाई, मशीनच तसलं हाय." तिचं ऐकून, आपलं खातं उघडलं तरी पैसे नवऱ्याच्याच हातात जाणार असं समजून कितीतरी जणींनी ठेकेदाराला सांगून टाकलं, आमचाही पगार नवऱ्याच्याच खात्यात टाका. आणि मी? ऐकून घेतलं आणि पुढच्या घरी मशीन घेऊन गेले.

हे सांगून मला हलकं वाटायला नको आहे. रविवारी कँटीन बंद असतं. मी काकीकडे जाणार आहे, तात्या ओट्यावर असतानाच. पदर घेईन, पण मान खाली घालणार नाही. काकी, मशीननं काही केलं नव्हतं, मी केलं होतं — हे त्यांच्यासमोर म्हणेन, आणि सोमवारी कँटीनच्या बायांसमोरही. मग तिचा अंगठा मागेन. तो फोन अजून तिच्या कनवटीलाच असतो, परवाच पाहिला मी. ती अंगठा देईल की मला दारातूनच घालवेल, ते तिचं ती ठरवेल.