हळदीकुंकवातली सही

ज्या कागदापायी माझा नवरा चिरडून मेला असता, त्यावर मी ओल्या कुंकवाच्या बोटांनी सही केली. चष्मा घरी ठेवून.

तेव्हा मी पासष्टीची, म्हणजे अक्कल यायची होती. चेरीतालच्या आमच्या सोसायटीत घराची तोडफोड करायची तर नकाशा समितीच्या तिघांची मंजुरी लागायची. तिघांत मी एकटी बाई. तोरा असा, की भाजीवालीलाही सांगून झालं होतं. संक्रांतीला खालच्या मजल्यावरच्या सूनबाईनं बोलावलं, वाण दिलं आणि तबकाखालून नकाशा काढला. हॉल थोडा मोठा करून राहिलो, म्हणाली. भरल्या ओटीनं नाही कसं म्हणायचं? तिळगूळ तोंडात, सही कागदावर. बाकी दोघांनी माझी सही बघून आपापली ठोकली.

महिन्याभरात माझ्या भिंतीवर केसाएवढी रेघ उमटली. भिंतीला लागून ह्यांचा पलंग. लकव्यानंतर ते कूसही बदलू शकत नव्हते. मिस्त्रीनं रेघेवर कागदाची पट्टी चिकटवली. फाटली तर समजायचं, भिंत सरकते आहे. चार दिवस मी तिच्याकडे न बघता वावरले. जणू मी बघितलं नाही तर ती फाटणार नव्हती! खोलीचं दार मात्र चौकटीत अडकायला लागलं.

पाचव्या दुपारी ह्यांना पेज भरवत होते. टप्प असा आवाज झाला. पट्टी मधोमध फाटली होती. मी चमचा पुढे केला.

संध्याकाळी समितीसमोर कबूल केलं, की नकाशा मी बघितलाच नव्हता. कुणीतरी हसलं. सूनबाई म्हणाली, "सही दिली, आता काहून अडवता काकू?" मी मंजुरी मागे घेतल्याचं लिहून दिलं. काम थांबलं. इंजिनीअर आला तेव्हा कळलं, खालच्यांनी नेमकी माझ्या भिंतीखालची भिंत पाडली होती. लोखंडी टेकू लागले, भिंत पुन्हा उभी राहिली. आता पक्कं का, विचारलं तर तो बूट घालत राहिला.

त्यानंतर सूनबाई जिन्यात भेटली. मान खाली घालून म्हणाली, "काकू, वर तुमची चाल ऐकू आली नाही ना, की वाटतं तुम्ही भिंतीला भिऊन बाहेर पडलात; मग मी पोरांना घेऊन अंगणात जाऊन बसते."