सांगाड्याला चिकटलेली गाडी

जन्मभर रुग्णवाहिका चालवली म्हणून गल्लीत त्यांना सायरनकाका म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारातून एक जुनी मोटार आणली आणि अंगणातल्या शेडमध्ये ती पार मुळापासून दुरुस्त करायचं डोक्यात घेतलं. काकू म्हणाल्या, "आता दोन म्हातारे सांभाळायचे."

खालची चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, साफ करायचा तर वरची बॉडी उतरवणं भाग होतं. पण तिचे बोल्ट गंजून हटून बसलेले. काका तेल सोडत, पान्याला लोंबकळत. पाना निसटे आणि बोटांची सालटी निघत. एक बोल्ट फिरला असं वाटलं, तर त्याचं डोकंच तुटून हातात आलं. त्या दिवशी ते कुणाशी धड बोलले नाहीत.

सुटीला मुलगी आली. ती कारखान्यात फिटर होती.

"बाबा, दारांच्या चौकटींत आडव्या पट्ट्या वेल्ड करा. नाहीतर उचलताना बॉडी मधोमध वाकेल."

"आता तू मला शिकव."

"शिकवते. आणि गाडी वर असताना खाली कुणी शिरायचं नाही."

आधी बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी रिकामी करून उतरवली, मग पट्ट्या वेल्ड केल्या, ब्रेकच्या नळ्या आणि स्टिअरिंगचा दांडा सोडवला, दिसणारे सगळे बोल्ट कसेबसे काढले. मग चारी कोपऱ्यांना जॅक लावून थोडं थोडं उचलायचं आणि लगेच खाली लाकडी ठोकळे सारायचे. तीन कोपरे वर आले. चौथा ढिम्म हलेना.

"दे आणखी रेटा," काका खेकसले.

पत्रा करकरला. मुलीनं जॅकचा दांडाच काढून घेतला. काका पाय आपटत घरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पण चैन पडेना. तासाभरानं ते मुकाट्यानं परतले. बॉडी पुन्हा खाली टेकवली आणि आत बसून गाडीच्या तळाच्या पत्र्यावर थापलेलं जुनं डांबर खरवडू लागले. त्याखाली एक बोल्ट निघाला. तोही सुटला नाहीच. मुलीनं ग्राइंडरनं कापला.

बॉडी सुखरूप वर गेली. सांगाडा बाहेर ओढला. काकांनी मागच्या बाजूला पेचकस टोचला, तो आरपार गेला. लोखंड कुजलं होतं.

"एवढी मरमर करून हे."

"वेल्डर जोडून देईल, बाबा."

"देईल. आज मात्र मला त्याचं नाव सांगू नकोस."

वेल्डरनं जोडून दिलं. परवा बॉडी पुन्हा बसवायला घेतली, तर बोल्टाचं एक भोक जुळत नाही. काकू सांगतात, सध्या काकांच्या वाटेला जाऊ नका.