मामाजींसाठी गुलाबजल

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माझे मामाजी रेल्वेत गार्ड होते. सासूबाई गेल्यावर ते तेलीबांधा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. दोन वर्षांनी बाथरूममध्ये पडले आणि मग अंथरुणालाच खिळले.

सकाळचं सगळं नवरा ऑफिसला जायच्या आधी करायचा. दिवसभराचं माझ्याकडे. बारा वर्षं ज्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन वावरले, त्यांचं अंग आता मी पुसत होते. दोघांनाही ते जड जायचं. मी खोलीत शिरले की मामाजी भिंतीकडे तोंड करायचे.

दर रविवारी त्यांचे एक मित्र पुरानी बस्तीतून ऑटोने यायचे. मी त्यांना काका म्हणायचे. तेही रेल्वेतून रिटायर झालेले, ड्रायव्हर. कितीतरी वर्षं दोघं एकाच मालगाडीवर होते. ते इंजिनात, मामाजी शेवटच्या डब्यात. बेल वाजली की मामाजी मला म्हणायचे, "त्याले सांग, झोपले आहेत म्हणून."

काका चहा घेत, बंद दाराकडे पाहत बसायचे आणि निघून जायचे. असे कितीतरी रविवार गेल्यावर मी विचारलं, "मामाजी, काहून भेटत नाही तुम्ही त्यायले?"

ते भिंतीकडे पाहतच म्हणाले, "अंगाचा वास येऊन राहिला, सूनबाई. मले येते, तर त्याले येणार नाही काय?"

संध्याकाळी सदर बाजारातून गुलाबजलाची बाटली आणली आणि दुसऱ्या दिवशी पुसायच्या पाण्यात थोडं घातलं. त्यांनी नाक मुरडलं.

"हा गुलाब नाही, सेंट आहे. माझी माय घरी काढे."

"कसं काढत होत्या?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे मान वळवली आणि सांगायला लागले.

पुरानी बस्तीत देवळासमोरच्या फुलवालीला मी खुशबूवाला देशी गुलाब मागितला. "हव दीदी, सबेरे आना," तिने होकार दिला. सकाळी तिने पिशवीभर गुलाबी, विस्कटलेली फुलं दिली. पाकळ्या धुऊन गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात घातल्या, त्या बुडतील इतकं पाणी ओतलं, मधोमध एक वाटी पालथी घालून तिच्यावर रिकामं वाडगं ठेवलं. गंजावर झाकण उलटं घालून त्यात बर्फ भरला. वाफ झाकणाला लागून थंड होते आणि थेंब थेंब वाडग्यात गळते. पहिल्या दिवशी मी घाई केली, पाणी आटलं, पाकळ्या करपल्या.

"आच मोठी झाली!" आतून मामाजी ओरडले. "मंद ठेव. अन् पहिलं वाडगं भरलं का बंद कर. मागून नुसता शिजल्याचा वास येते."

दुसऱ्या दिवशी जमलं. वाडगं त्यांच्या नाकाशी नेलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले.

रविवारी नवऱ्याने त्यांची दाढी केली. मी गुलाबजल घातलेल्या पाण्याने अंग पुसलं, धुतलेली चादर घातली. बेल वाजली. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"येऊ दे," ते म्हणाले.

काका खुर्ची सोडून पलंगावरच बसले. "चार महिने मले दारातून वापस पाठवलं तू," ते म्हणाले. मामाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. काकांनी उशाजवळचा टॉवेल घेऊन ते पुसलं.

"वास येऊन राहिला काय रे माझा?" मामाजींनी विचारलं.

"येते ना," काका म्हणाले. "म्हातारपणाचा. माझाही येते. त्याच्यासाठी दार लावतेत काय?"

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. इतके दिवस मी अंगाचा वास घालवायच्या मागे होते. त्यांचं दुखणं वेगळंच होतं, मित्राला आपण नकोसे होऊ याची भीती, हे मला तेव्हा समजलं.

त्यानंतर दर रविवारी मामाजींचे हातपाय काकाच पुसायचे. मला खोलीत येऊ द्यायचे नाहीत.

ऊन तापायला लागल्यावर मामाजी गेले. शेवटच्या आंघोळीच्या वेळी काकांनी माझ्याकडे गुलाबजल मागितलं. घरात थेंबही नव्हता. पंधरा दिवसांपासून देशी गुलाब बाजारात येत नव्हता. हे सांगताना मला रडू आवरेना.

"असू दे, बाई," काका म्हणाले. त्यांनी बाह्या वर केल्या, साध्या पाण्याची बादली उचलली आणि माझ्या नवऱ्याबरोबर आत गेले.