शोभनामावशींचा ‘रेडप’

अदितीने शोभनामावशींना पहिल्यांदा पाहिलं ते पिस्कॅटवेमधल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात. मराठी मंडळाचा गणपती नुकताच आटोपला होता. मंडळी गाड्यांकडे निघाली होती आणि टेबलांवर श्रीखंडाच्या वाट्या, अर्धवट प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या तशाच पडल्या होत्या. नागपूरहून अमेरिकेत नवीनच आलेली अदिती नवऱ्याची वाट बघत भिंतीशी उभी होती. तेवढ्यात इरकल साडीखाली पांढरे स्नीकर घातलेल्या, सत्तरीच्या घरातल्या एका बाईंनी पदर खोचला, कचऱ्याची काळी पिशवी फडकन उघडली आणि तिला म्हणाल्या, “ए मुली, खांबासारखी काय उभी? चल, रेडप करून टाकू.”

रेडप म्हणजे आवराआवर, हे अदितीला पिशवी हातात आल्यावर कळलं. शब्द मात्र तिने कधी ऐकला नव्हता. कोल्हापूरकडचा असेल, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं.

मंडळात या शब्दाची गंमतच होती. पुण्याच्या लोकांना तो नागपुरी वाटे, नागपूरच्यांना कोल्हापुरी, आणि मुंबईकर म्हणत, गावाकडचं काहीतरी आहे. राजेशकाका तर छातीठोकपणे सांगत, “फारसी शब्द आहे तो. पेशव्यांच्या काळात दप्तरं रेडप करायचे.”

“राजेश, त्या पेशव्यांवर आणखी किती ओझं टाकशील?” मावशी म्हणत.

“मग तुम्हीच सांगा ना, कुठला आहे?”

“आमच्याकडचा.”

“तुमच्याकडचा म्हणजे?”

“डोंगरातला.”

मावशींचं माहेर जावळीच्या डोंगरांतलं, त्यामुळे विषय तिथेच मिटे. बघता बघता तो शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. घरोघरचे डबे आणून पॉटलक जेवण झालं की कुणीतरी हाक देई, “चला रे, रेडप!” मावशींचे यजमान, डॉक्टर गिरीशकाका, या वादात कधीच पडले नाहीत. शब्द निघाला की ते गुपचूप उठत आणि रिकाम्या बाटल्या गोळा करू लागत.

दोघांचा संसार पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा खाणीच्या गावी झाला होता. काका तिथल्या इस्पितळात डॉक्टर होते. निवृत्तीनंतर चार माणसं मराठी बोलणारी भेटतील म्हणून ते इकडे आले. मुलगा सुशांत देशाच्या दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला. आईला फोन रोज, भेट दिवाळीत.

अदितीला मावशींनीच गाडी शिकवली. पहिल्या दिवशी हायवेवर तिने डोळे मिटून गणपतीचं नाव घेतलं, तेव्हा मावशी ओरडल्या, “अगं, त्याला लायसन नाहीये! डोळे उघड!” रुही झाली तेव्हा त्या रोज दुपारी येत, बाळाच्या कपड्यांच्या घड्या करत आणि अदितीला झोपायला पाठवत. स्वतःचं कौतुक त्यांना खपत नसे. कुणी आभार मानायला लागलं की त्या चहाचं आधण ठेवायला उठत.

गेल्या फेब्रुवारीत गिरीशकाका गेले. हृदयाचा झटका आला, इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सुशांत आला. अंत्यसंस्काराला तो आणि मावशी गेले, बरोबर मंडळातले पुरुष गेले. बायका घरी थांबल्या. कुणी पिठलं-भात टाकला. अदितीला नुसतं बसवेना.

“मावशी यायच्या आत घर रेडप करून ठेवू या,” ती म्हणाली. “त्यांना तेवढंच बरं वाटेल.”

सगळ्यांना ते पटलं. मावशींचा शब्द, मावशींचं घर. याहून चांगली सेवा कुठली? खिडकीजवळच्या खुर्चीवर काकांचा स्वेटर होता, तो धुवायला गेला. चहाचा मग घासून कपाटात गेला. औषधाच्या डब्या पिशवीत भरल्या. वरच्या खोलीतली चादर आणि उशांचे अभ्रे अदितीने स्वतः काढले, मशीनमध्ये टाकले आणि लॅव्हेंडरचा साबण जरा जास्तच ओतला.

मावशी आल्या. दारातच थांबून त्यांनी घर पाहिलं. मग जिना चढून वर गेल्या आणि लगेच खाली आल्या.

“किती छान केलंत गं सगळ्यांनी,” त्या म्हणाल्या.

ड्रायर फिरत होता. त्याच्यावर हात ठेवून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. दमल्या असतील, असं अदितीला वाटलं.

मार्चअखेरीस एका दुपारी अदिती डबा घेऊन गेली. ओट्यावर चार भांडी पडली होती. तिने बाह्या सरसावल्या. “थांबा मावशी, पटकन रेडप करून देते.”

“नको.” मावशींनी तिचा हात धरला. “बस इथे. तुला एक सांगायचंय. हा शब्द मराठी नाही.”

“म्हणजे?”

“इंग्रजी आहे. त्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातला. रेड अप. आणि स्पेलिंगमध्ये दोन डी. एक डी लिहिला तर रंग होतो, असं वर्ना म्हणायची. वर्ना आमची शेजारीण. तिचे पूर्वज स्कॉटलंडचे, आयर्लंडमार्गे तिथे आले, तेव्हा हा शब्दही बरोबर आला. खोली आवरणं, टेबल आवरणं, केसांतला गुंता सोडवणं, सगळ्याला त्यांच्याकडे रेड.”

अदितीला हसू आलं. राजेशकाकांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. पण मावशी हसत नव्हत्या.

“सुशांतच्या आधी आम्हाला एक मुलगी होती. अनया. चार वर्षांची असताना मेंदूज्वर झाला. गिरीश स्वतः डॉक्टर, पण काही करता आलं नाही. आम्ही मोठ्या शहरातल्या इस्पितळातून परत आलो, तर वर्ना दारात उभी. म्हणाली, मी तुझं घर रेड अप करून ठेवलंय. अनयाचा पलंग नव्हता. फ्रॉक धुऊन, इस्त्री करून खोक्यात भरले होते. भिंतीवरच्या खडूच्या रेघा पुसल्या होत्या. कंगव्यात तिचे दोन केस होते गं. वर्नानं कंगवाही धुतला होता.”

अदिती खुर्ची ओढून बसली.

“मला तिचा फार राग आला. पण रागावणार कशी? रात्रभर जागून केलं होतं तिनं. मग एकदा गावच्या लायब्ररीत जाऊन मोठी डिक्शनरी उघडली. म्हटलं, या शब्दाच्या मुळाशी काहीतरी वाईट सापडेल, म्हणजे मला तिच्यावर रागावता येईल. तर तिथे काय? मोकळं करणं. सोडवणं. वाचवणं.”

“मावशी, मी… मी चादरी…”

“तुझाही चेहरा त्या दिवशी वर्नासारखाच होता. दमलेला. मला बरं वाटावं म्हणून वाट बघणारा.”

“मग तुम्ही ओरडला का नाहीत मला? आणि इतकी वर्षं तोच शब्द का बोलत राहिलात?”

मावशींनी डबा बाजूला सरकवला.

“गिरीशला अनयाचं नाव सहन व्हायचं नाही. मग आम्ही नाव घेणंच सोडलं. त्याऐवजी मी एवढा एक शब्द बोलायचे. त्याला कळायचं. तो उठून काहीतरी उचलायला लागायचा. आता बोलून काय उपयोग? ऐकणारा गेला.”

अदितीने भांडी घासली नाहीत. ती मावशींजवळ बसून राहिली. रुहीची शाळा सुटायची वेळ झाली, तेव्हा मावशींनीच तिला उठवलं.

सुशांत आईला क्युपर्टिनोला न्यायला दोनदा येऊन गेला. त्या गेल्या नाहीत. शोभनामावशी अजून पिस्कॅटवेच्या त्याच घरात एकट्या राहतात, आणि वरची खोली सोडून खालच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपतात.