रोमन चपलेचा लाल दोरा

आमच्या हिने आयुष्यात शेवटचं जे शिवलं, ते रोमन शिपायाच्या चपलेवर.

रोमन शिपाई म्हणजे मी. वय सदुसष्ट, शिक्षण चौथी, गाव चिपळूणकडे. एकोणचाळीस वर्षं इथे आखातात, मुसफ्फाच्या कारखान्यांत एसीचे डक्ट बनवले, तेव्हा मी इथे कामगारांच्या कॅम्पात आणि ती तिकडे गावी. पुढे मुलगा महेश इथेच नोकरीला लागला, त्याने खलिफा सिटीत घर केलं, आणि मी काम सोडल्यावर गावी जायच्या ऐवजी तीच इकडे आली. लग्नाला चाळीस वर्षं आणि एका छपराखाली सलग अकरा महिने, असा आमचा संसार.

रोमन कसा झालो ते सांगतो. मार्टिन म्हणून एक गोरा मास्तर आहे, शाळेत इतिहास शिकवतो. त्याने ओळखीच्या एका अरबाच्या शेतावर लाकडी बुरूज बांधलाय. फार पूर्वी रोमन लोक आपल्या सरहद्दीवर असे बुरूज बांधून पहारा करायचे म्हणे. शनिवारी मार्टिन धरून दहा जण तिथे जमतात, शिपायांचा वेष करतात आणि बघायला आलेल्यांना तो पहारा करून दाखवतात. फुकट! आमचा महेश त्यातलाच एक.

"रोमन इथे आले होते काय रे?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"बाबा, चिलखतांना पत्रा कापून हवाय."

पत्रा म्हटल्यावर मी पुढचं विचारलं नाही.

डक्टच्याच पत्र्याची दहा चिलखतं केली. मग दहा जोड चपला. तळाला लोखंडी खिळे, वर घोट्यापर्यंत चामड्याच्या वाद्या. साचा एकच, म्हणून सगळ्या नऊ नंबरच्या. (लहान पायवाल्यांनी मोजे घालावेत. रोमन मोजे घालत होते की नाही, मला विचारू नका.) एवढ्यात दहावा माणूस काम सोडून कॅनडाला गेला आणि त्याच्या जागी मलाच उभं केलं.

एका संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, त्या दहा जोडांत तुमचा ओळखणार कसा? देवळाबाहेरनं दोनदा दुसऱ्याच्या घालून आलात."

"तिथे देऊळ कुठलं? लढाई आहे ती."

"मग तर हरवणारच. द्या इकडे."

सुईत दोरा ओवायचं काम माझं, टाका घालायचं तिचं. गावी सुट्टीवर गेलो की तेव्हाही असंच. तिने डाव्या चपलेच्या पट्ट्यावर लाल दोऱ्याची फुली घातली आणि दोरा दाताने तोडला.

"आणि उजवीला?"

"जोडी आहे ना? एक सापडली की दुसरी जाते कुठे."

मग आम्ही चहा घेतला. खलास, एवढंच. तीन दिवसांनी ती गेली. डॉक्टरने महेशला इंग्रजीत सांगितलं, मला महेशच्या तोंडाकडे बघून कळलं.

त्या दिवशी ते रोमन सगळेच्या सगळे घरी आले होते. मार्टिन साहेबसुद्धा. बूट बाहेर काढले, खाली बसले, दोन तास कुणी मोबाइल काढला नाही. आधी मी त्यांना रिकामटेकडे म्हणत होतो. आठवडाभर नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून अंगावर पत्रा चढवायचा, हे शहाण्याचं काम आहे का? त्या दिवसापासून म्हणणं बंद केलं.

दोन महिने मी घराबाहेर पडलो नाही. मग महेश म्हणाला, "बाबा, या शनिवारी एक माणूस कमी पडतोय." कोण कमी पडतोय ते दोघांनाही माहीत होतं. त्या चपला घातल्या आणि गेलो.

डिसेंबरची सकाळ. समोर शे-दीडशे माणसं, पोरंबाळं. मार्टिन साहेब लाल तुऱ्याचा टोप घालून पुढे. (रोमन कप्तान असला तरी "चला, चला" म्हणायला अरबी "यल्ला, यल्ला"च म्हणतो.) वयाचा मान म्हणून मला रांगेत पहिलं उभं केलं. तिथेच घात झाला.

बुरजाच्या दारात पोचलो आणि बघतो तर आत दगडाचा छोटा चौथरा, त्यावर दिवा लावलेला, पुढे द्राक्षं ठेवलेली. रोमनांचा कुठलासा देव. आता देवापुढे चपला घालून कसा जाऊ? मी वाद्या सोडल्या, चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, हात जोडले आणि शिडी चढलो.

माझ्या मागे बशीर. केरळचा, दुबईत हिशेबनीस, तिथल्या अल बर्शाहून गाडी चालवत येतो. हिच्या हातचे घावणे आवडायचे त्याला. तो म्हणाला, "चाचा, हम भी उतारेगा?"

"दिख नहीं रहा? अंदर दिया है."

त्याने काढल्या. त्याच्या मागच्याने बशीरचं बघून काढल्या. पाचव्या-सहाव्याला वाटलं, नवीन हुकूम आलाय. नऊ शिपाई अनवाणी वर, खाली नऊ नंबरच्या नऊ जोडांचा ढीग. लोकांमधली एक बाई लगेच वहीत लिहायला लागली. मार्टिन साहेब नुसता बघत राहिला. इतिहास त्याचा विषय, पण हे त्याच्या पुस्तकात नव्हतं.

तेवढ्यात शिंग वाजलं. शत्रू आला! शत्रू म्हणजे महेशच्या ऑफिसातले सहा जण, अंगाला गालिचे गुंडाळलेले, घामाने निथळत. आम्ही धडाधड खाली. ज्याच्या हाताला जी लागली ती त्याने पायात घातली, मग बसला वाद्या बांधत. एकेका पायाला दोन मिनिटं लागतात हो! शत्रू ओरडत आला, बुरजापाशी पोचला, आणि आम्ही उंबऱ्यावर ओळीने बसून गाठी मारतोय. बिचारे थांबले. एकाने महेशची वादीपण धरून दिली. किती सभ्य शत्रू.

उजवी हाताला लागली ती पायात घातली. फुलीवाली डावी नव्हती.

दुसरी होती एक, पण फुली नसलेली. ती मी घातली नाही. सगळ्यांचे पाय बघितले. बशीर गाठी न मारताच निघाला होता आणि मैदानाच्या मधोमध धावताना त्याच्या पायावर मला लाल दिसलं.

"बशीर, थांब!"

एक पाय अनवाणी, खाली खडी, छातीवर पत्रा, हातात ढाल, असा मी सुटलो. शत्रूच्या मधून आरपार गेलो. त्यांना वाटलं हल्ला झाला, ते ठरल्याप्रमाणे पटापट मेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बशीरने मागे वळून माझा चेहरा बघितला आणि आणखी जोरात पळाला. शेवटी त्याचा झगा हाताला लागला. दोघे खाली पडलो, मी त्याच्या अंगावर.

"चाचा, हम तो अपना आदमी है!"

"पैर दे."

"क्या हुआ?"

"मेरी चप्पल है. तेरी चाची ने सिया है."

त्याने पायाकडे बघितलं. उठून बसला, चप्पल काढली, माझ्या पायाखालची खडी झटकली आणि स्वतःच्या हाताने माझ्या घोट्यापर्यंत वाद्या बांधल्या. नीट, गाठीवर गाठ. तोवर शत्रू मेलेलेच पडून होते.

मार्टिन साहेब आला, माझ्यापुढे टाचा जुळवून सलाम ठोकला आणि इंग्रजीत काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?" मी महेशला विचारलं.

"म्हणतो, एवढ्या शौर्याने कुणी धावलेलं त्याने बघितलं नाही. फक्त आपल्याच माणसावर कशाला, ते विचारतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, असा घोटाळा पुन्हा होऊ द्यायचा नाही. तेल लावायला म्हणून सगळे जोड महेशच्या गाडीतच होते. हिच्या डब्यातलं ते लाल दोऱ्याचं रीळ काढलं आणि बाल्कनीत बसलो. ओवायचं काम नेहमीचंच, पुढचं कधी केलं नव्हतं. बोटाला सात वेळा सुई टोचली, पण उरलेल्या नऊच्या नऊ डाव्या चपलांवर एकेक लाल फुली घातली.

सून चहा घेऊन आली, ओळीने मांडलेल्या चपला बघितल्या आणि म्हणाली, "बाबा, आता सगळ्यांवरच लाल फुली. मग कुठली कोणाची, कळणार कसं?"

आयुष्यभर पत्रा मापात कापला मी. हे डोक्यात आलं नाही.

एकेक उचलून बघितली. नऊ फुल्या अशा, की कोंबडी नाचून गेल्यासारख्या. दहावीचे टाके सरळ. म्हणजे माझी तेवढी लांबूनही ओळखू येते. बाकीच्या नऊ रोमनांनी आपापलं बघावं.