स्कानोरच्या किनाऱ्यावरचं सडकं पिंप

ऑगस्ट लागला की लुबेक या जर्मन बंदरातली वोबेके सुरी घ्यायची, चामड्याचा जुना एप्रन कमरेला बांधायची आणि धाकट्या बहिणीला, मेटेला, घेऊन जहाजात चढायची. समुद्रापलीकडे स्कानोरला डॅनिश राजाचा किनारा. तिथे हेरिंग मासळी इतकी यायची, की जाळी ओढता ओढता कोळी रडकुंडीला यायचे. मासे डॅनिश कोळ्यांचे, मीठ लुबेकच्या व्यापाऱ्यांचं, आणि खाणारे गावोगावचे. ख्रिस्ती उपासाच्या दिवशी मांस चालत नसे, मासा चाले.

वोबेके तेवीस वर्षं मासे साफ करून मिठात रचत होती. झाकणाच्या आतल्या बाजूला सुरीने तीन खाचा ही तिची खूण. ती खूण असलेलं पिंप कोणी तळापर्यंत तपासत नसे.

म्हणूनच त्या सकाळी किनाऱ्यावरच्या लुबेककरांच्या वस्तीचा मुखत्यार डेटमार याने तिला हाक मारली, तेव्हा ती हसतहसतच गेली.

"वोबेके, वास आला म्हणून उघडलं. हे तुझंच ना?"

पिंपात वरचा थर चांदीसारखा लखलखत होता. त्याखाली काळपट पाणी आणि सडलेला लगदा. वासाने डेटमारने नाक दाबलं. झाकणाला तीन खाचा होत्या.

"काय गं, इतकी वर्षं हेच खायला घातलंस काय आम्हाला?" पिंपं बांधणारा एक जण ओरडला, आणि लोक हसले.

वोबेकेने लगद्यात हात घालून एक मासा काढला आणि त्याचा कल्ला उघडून दाखवला.

"हा घाव बघा. मी डावखुरी. माझी सुरी या बाजूने जाते. हा उजव्या हाताचा घाव आहे."

"उजव्या हाताच्या तर इथे शंभर बाया आहेत," डेटमार म्हणाला.

"असतील. पण ही सुरी काढताना हिसका देते. कल्ला फाटलाय बघा, असा हिसका फक्त..."

ती थांबली. सहा वर्षं ती रोज ओरडत होती, 'अगं, हिसका देऊ नकोस!' तिने मान वळवली. डेटमारनेही तिच्या नजरेमागे पाहिलं.

मेटे पांढरीफटक पडली होती.

"ताई, मी दोन दिवस तापात होते. माझ्या वाट्याचे मासे उन्हात राहिले. मालकाने हाकललं असतं गं. तुझं पिंप कोणी तळापर्यंत बघत नाही, म्हणून..."

"माझी खूण?" वोबेके म्हणाली. "मेटे, माझी?"

पिंप किनाऱ्यावरच जाळलं. मेटेला पुन्हा स्कानोरला पाय ठेवायची बंदी झाली आणि त्याच दिवशी जहाजात बसवलं. वोबेके सुटली, पण ती सुटका तिला घशात अडकलेल्या काट्यासारखी वाटली. ऑक्टोबरपर्यंत तिने मान वर न करता मासे साफ केले.

घरी परतली तेव्हा दार मेटेनेच उघडलं.

"लाज वाटली नाही तुला?" वोबेकेने विचारलं.

"वाटली. किनाऱ्यावर तू घाव दाखवायला लागलीस तेव्हाच पळून जाणार होते."

"मग गेली का नाहीस?"

"तुला एकटीला सोडून?"

वोबेकेने तिच्या एक थोबाडीत दिली, आणि मग तीच तिला मिठी मारून हुंदके देऊ लागली.